ऑगस्टात फ्रान्स बंद राहील

अकरावीच्या प्रवेश अर्जानं महाराष्ट्रात फ्रेंच भाषेचा जेवढा प्रसार केला, तेवढा नेपोलियनच्या फौजेला सगळ्या युरोपात करता आला नसेल. इंग्रजी सक्तीची आणि दुसरी भाषा आपल्या मर्जीची. या मर्जीत मराठी असते, हिंदी असते, संस्कृत असते, आयटीसुद्धा असतं (आयटी ही भाषा कधीपासून झाली, हे कॉलेजच्या खिडकीवर विचारू नये, मागची रांग ओरडते), आणि फ्रेंच असते. वसई, नालासोपारा, विरारकडची पोरं डोळे मिटून फ्रेंच घेतात. त्यांना मोलिएरची नाटकं मुळातून वाचायची असतात असा कुणाचा समज असेल तर त्यानं तो काढून टाकावा. फ्रेंच स्कोअरिंग आहे.

आमच्या कन्येनंही घेतली. मी म्हटलं, "अगं, मराठीत काय वाईट होतं?"

"बाबा, मराठीत कवीच्या मनातली खळबळ स्पष्ट करावी लागते."

"आणि फ्रेंचमध्ये?"

"फ्रेंचमध्ये 'माझं नाव अमुक, मी वालीवला राहते, मला सफरचंद आवडतं' एवढं लिहिलं की पुरे."

सतराव्या वर्षी सफरचंद आवडतं हे सांगितल्याबद्दल जी भाषा मार्क देते, तिच्याविषयी माझ्या मनात जागच्या जागी आदर उत्पन्न झाला. आमच्या वेळी वालीवात कुणी फ्रेंच शिकवलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो. गी दलरी नावाचे एक फ्रेंच जेझुइट फादर मात्र अगदी उलट्या दिशेनं आले. त्यांनी मराठी शिकून १९५६ साली तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि वर विठोबाच्या संप्रदायावर प्रबंध लिहिला. तो १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं छापला. एवढ्या मेहनतीचे त्यांना किती मार्क पडले, ते विचारायला ते आता हयात नाहीत.

खरा त्रास सुरू झाला तो तोंडी परीक्षेमुळे. लेखी ऐंशी मार्कांचं सफरचंदावर निभावतं, पण उरलेल्या वीस मार्कांसाठी कन्येला 'फ्रेंच समाज आणि संस्कृती' असा प्रोजेक्ट करायचा होता. समाज म्हणून घरात मी होतो. संस्कृतीचे सगळे प्रयोग माझ्यावर झाले.

वालीवला माझा मोल्डिंगचा गाळा आहे. हायवेवरून वसई फाट्याला आत वळलं की पत्र्याच्या शेड सुरू होतात, ते वालीव. इथं कुणी फिरायला येत नाही. येतो तो टेम्पो, टँकर किंवा लाईनमन, आणि तिघंही आपल्याला हवे असतात त्या दिवशी येत नाहीत. आम्ही सेंटच्या बाटल्यांची प्लास्टिकची बुचं काढतो. सेंट फ्रान्सचं, बूच वालीवचं. या एका बुचावर आमचं फ्रान्सशी नातं आहे, हे कन्येनं हेरलं आणि मला कच्च्या मालासारखं वापरलं.

पहिला धडा बोंजूरचा. फ्रान्समध्ये दुकानात पाऊल टाकलं की आधी 'बोंजूर' म्हणायचं. तसं न म्हणता थेट "अमुक आहे का?" विचारणारा माणूस तिथं उद्धट ठरतो आणि दुकानदार त्याच्याकडे बघतही नाही. "बाबा, तुम्ही कधी कुणा दुकानदाराला नमस्कार केलाय?" असं तिनं विचारल्यावर मी दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरलो आणि हात जोडून म्हटलं, "नमस्कार."

दुकानदारानं वही मिटली. "शेठ, उधारी बंद आहे. मागचंच बाकी आहे तुमचं."

तिथून शेअर रिक्षात बसलो आणि ड्रायव्हरला नमस्कार केला. त्यानं आरशातून मला नीट निरखलं. "कुठल्या पार्टीकडून उभे राहताय?" माझ्या शेजारच्या बाईंनी पिशवी छातीशी धरली. आपल्याकडे विनाकारण नमस्कार करणारा माणूस एक तर पैसे मागणार असतो नाही तर मतं. तिसऱ्या कारणाची सोय समाजानं ठेवलेली नाही.

पुढचा धडा गालाला गाल लावण्याचा. फ्रेंच माणसं भेटली की गालाला गाल लावून हवेत चुंबनाचा आवाज काढतात. पॅरिसमध्ये दोन, दक्षिणेत काही ठिकाणी तीन, कुठे कुठे चार. आकडा गावागणिक बदलतो, आणि आधी उजवा गाल की डावा यावर त्यांचं त्यांच्यातही एकमत नाही. परगावच्या दोन फ्रेंच माणसांची नाकं मध्यावर आपटतात म्हणे. घरी सौ.नं हा धडा ऐकून घेतला आणि "हे प्रोजेक्टमध्ये लिही हो, करून दाखवायला नको" असा निर्णय दिला. मला स्वतःला त्यात नवल वाटलं नाही. विरार फास्टमध्ये अंधेरीपासून वसईपर्यंत मी चार-चार परक्या पुरुषांच्या गालाला गाल लावून उभा राहिलेलो आहे. फक्त आम्ही एकमेकांना बोंजूर म्हणत नाही. "अंदर चलो" म्हणतो.

मग पाव. पावाच्या बाबतीत फ्रेंच माणूस जेवढा गंभीर होतो तेवढे आपण कुंडली जुळवतानाही होत नाही. 'पारंपरिक फ्रेंच पाव' असं नाव द्यायचं असेल तर त्यात काय असावं, यावर तिथं १९९३ साली सरकारी हुकूम निघाला. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि खमीर. रसायनं घालायची नाहीत, कणीक गोठवून ठेवायची नाही. लांब काठीसारख्या ज्या पावाला ते 'बागेत' म्हणतात, तो बनवण्याच्या कसबाला २०२२ साली युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणखी गंमत म्हणजे पॅरिसमधल्या बेकरीवाल्यांनी उन्हाळ्याची सुट्टी कधी घ्यायची हेही सरकार ठरवत असे. निम्म्यांनी जुलैत जायचं, निम्म्यांनी ऑगस्टात, म्हणजे शहर पावावाचून राहू नये. या नियमाचं मूळ राज्यक्रांतीच्या काळातलं. १७८९ साली पाव मिळेना म्हणून पॅरिसच्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या होत्या, त्याची धास्ती सरकारनं सव्वादोनशे वर्षं बाळगली. २०१५ च्या उन्हाळ्यात कुठे बेकरीवाले पहिल्यांदा आपल्या मर्जीनं सुट्टीवर गेले.

आमच्या गल्लीत पाववाला पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत येतो. कन्येनं वही-पेन घेऊन त्याला गाठलं. "काका, तुमच्या पावात काय काय असतं?"

तो चक्रावला. "ताई, पावात पाव असतो."

"म्हणजे घटक?"

"तो वेगळा येतो. घटक मिळेल उद्या."

वसईला पाव दिला तो पोर्तुगिजांनी. ते १५३४ साली इथं आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. किल्ला घेतला, पाव राहू दिला. मराठ्यांच्या मुत्सद्देगिरीचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पोर्तुगिजांच्या जागी फ्रेंच आले असते तर आज वडापाव खायला दोन तास लागले असते आणि मध्ये मिरची वेगळ्या बशीत आली असती.

कारण जेवण ही त्यांच्याकडे घाईनं उरकायची गोष्ट नाही. त्यांच्या कामगार कायद्यात चक्क एक कलम आहे, की कामाच्या जागी कामगाराला जेवू द्यायचं नाही. टेबलावर डबा उघडून जेवणारा तिथं कष्टाळू ठरत नाही. त्याला तसं करू देणारा मालक कायदा मोडतो. कोविडच्या काळात माणसांनी एकत्र बसू नये म्हणून २०२१ साली हे कलम तात्पुरतं सैल करावं लागलं. म्हणजे टेबलावर डबा खाता यावा यासाठी सरकारला वेगळा हुकूम काढावा लागला!

आमच्या गाळ्यात अकाउंटवाल्या काकू खतावणीवर डबा ठेवून जेवतात. जीएसटीच्या आमच्या फायलीत मेथीच्या भाजीचा डाग नसलेला एक महिना कुणी शोधून दाखवावा. ऑपरेटर प्लास्टिकच्या दाण्याच्या गोणीवर बसून जेवतो. एक हात पोळीला, एक डोळा मशीनला, कारण डाय उघडली की बुचं पडतात, आणि एखादं बूच डायमध्ये अडकलं तर ते त्याच घासात काढावं लागतं. एकदा त्याच्या भाजीत निळं बूच सापडलं. त्यानं ते पुसून पेटीत टाकलं. ते फ्रान्सला पोचलं असणार.

अशा या ठिकाणी मला फ्रेंच कामगार कायदा मोठ्यानं वाचून दाखवण्याची बुद्धी झाली. हेतू शुद्ध होता: जगात कुठे काय चाललंय ते पोरांना कळावं. मी सांगितलं, की फ्रान्समध्ये २००० सालापासून कामाचा आठवडा पस्तीस तासांचा आहे.

"पस्तीस?" ऑपरेटरनं बोटं मोजली. "शेठ, ते तर आमचे बुधवारी संध्याकाळीच भरतात. मग गुरुवारपासून फ्रेंच लोक काय करतात?"

"संप," कन्या म्हणाली.

मला तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पगारी रजेवर आलो. १९३६ साली त्यांना कायद्यानं दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती वाढत वाढत १९८२ साली पाच आठवड्यांवर गेली. गाळ्यात शांतता पसरली. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर पसरते तशी. शेवटी पॅकिंगच्या पोरानं विचारलं, "शेठ, तिकडे हेल्पर लागतात का?"

मग फोनचा कायदा. १ जानेवारी २०१७ पासून फ्रान्समध्ये कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचे मेल आणि फोन न बघण्याचा हक्क आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील त्या कंपनीला याबद्दल कामगारांशी बसून ठरवावं लागतं. आमच्याकडे दहाच्या वर माणसं फक्त सत्यनारायणाला जमतात, त्यामुळे मला वाटलं आपण सुटलो. पण रात्री अकराला गादीवर पडल्या पडल्या व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप सोडायची माझी जुनी सवय आहे, आणि ती त्यांना तोंडपाठ आहे. त्याच रात्री मी निरोप टाकला: "पांढरा दाणा चढवा, काळा थांबवा." रात्रपाळीनं फोन बंद ठेवले होते. सकाळी गाळ्यात गेलो तर छातीपर्यंत काळी बुचं! फ्रेंच कायद्याचा वालीवमधला पहिला आणि अजूनपर्यंतचा एकमेव निकाल म्हणजे ते काळ्या बुचांचे खोके. कुणाला काळ्या बुचांची गरज असेल तर सांगावं, भाव बरा लावू.

मी चिडलो तेव्हा सुपरवायझर समजुतीच्या सुरात म्हणाला, "शेठ, तुम्हीच वाचून दाखवलंत."

धाक बसावा म्हणून मी मग संपाचे परिणाम सांगायला घेतले. २०१५ च्या ऑक्टोबरात एअर फ्रान्समध्ये नोकरकपातीची बैठक चालली होती. चिडलेले कामगार आत घुसले आणि त्यांनी साहेबांना धरलं. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख साहेबांचा शर्ट फाटून गेला आणि ते उघड्या अंगानं, टाय तेवढा गळ्यात, कुंपणावरून चढून पळाले. ते फोटो जगभर छापून आले. माझ्या मते ही गोष्ट ऐकून कामगारांना त्या साहेबांची दया यायला हवी होती. आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरनं माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"शेठ, हा शर्ट कितीचा?"

तेव्हापासून गाळ्यात मी जुने शर्ट घालून जातो.

निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचं ठरलं म्हणून २०२३ साली फ्रान्समध्ये लाखो माणसं रस्त्यावर उतरली, पॅरिसमध्ये कचरा उचलणाऱ्यांनी काम थांबवलं आणि फुटपाथवर कचऱ्याचे ढीग लागले. हे मी आमच्या वॉचमन काकांना सांगितलं. ते नुसते हसले. ते निवृत्त होऊनच वॉचमन झाले आहेत.

प्रोजेक्टची वही भरत चालली तसं माझं एक मत होत गेलं. फ्रेंच माणसात आणि आपल्यात फार अंतर नाही. जेवण सावकाश व्हावं, दुपारी कुणी फोन करू नये, सुट्टी लांबावी, बोलावल्या वेळेला कुणाच्या घरी पोचू नये, हे सगळं आपल्यालाही मनापासून वाटतं आणि आपण ते करतोही. पण आपण चोरून करतो, आणि वर "ट्रॅफिक होतं" म्हणतो. फ्रेंच माणसानं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा कायदा करून घेतला आहे आणि उरलेल्यांना शिष्टाचार म्हणून मान्यता मिळवली आहे. कुणी जेवायला बोलावलं तर पंधरा मिनिटं उशिरा जाणं तिथं सभ्यपणाचं समजतात, म्हणजे यजमानीण घाईत सापडत नाही. या हिशेबानं आमचे नालासोपाऱ्याचे साडूभाऊ जगातले सगळ्यात सभ्य गृहस्थ ठरतील. मुंजीला बोलावलं तर ते लग्नाला पोचतात.

वही दाखवायला मी एकदा आमच्या भंगारवाल्यालाही पकडलं. वालीव-सातिवलीकडे भंगारवाल्याइतका जगाचा अनुभव कुणाला नसतो. मी त्याला आयफेल टॉवरची गोष्ट सांगितली. १८८९ च्या प्रदर्शनासाठी तो उभारला, परवानगी फक्त वीस वर्षांची होती. १९०९ साली मोडायचा होता. पण वर बिनतारी संदेशांची सोय केली, ती सैन्याच्या उपयोगी पडली, आणि टॉवर राहिला तो राहिलाच.

"म्हणजे नंतर रेग्युलर करून घेतला," तो म्हणाला. वसई-विरारच्या माणसाला असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. मुदत संपलेलं बांधकाम आणि वर अँटेना, एवढ्या दोन शब्दांवर त्याला पुढची सगळी फाईल दिसते.

पुढे १९२५ साली व्हिक्टर लुस्टिग नावाच्या ठगानं सरकारी अधिकाऱ्याचं सोंग घेतलं, पॅरिसच्या भंगारवाल्यांना उंची हॉटेलात बोलावलं, आणि टॉवरचा देखभालीचा खर्च परवडत नाही, सरकार तो मोडीत काढतंय, असं सांगून एकाच्या गळ्यात बांधला. वर त्याच्याकडून लाचही घेतली.

"लाच घेतली ना? मग तो अधिकारी खरा वाटणारच," भंगारवाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पॅरिसच्या आपल्या व्यवसायबंधूबद्दल सहानुभूती होती. मग धंद्यावर आला. "वजन किती?"

"लोखंड सात हजार तीनशे टन."

"काटा कुणाचा?"

"ते माहीत नाही."

"कटिंग कुणाकडे?"

"अरे, विकलाच नाही तो. फसवणूक होती."

"ते कळलं हो. पण रंग लावलाय ना त्याला?"

रंग लावतात. दर काही वर्षांनी साठ टन रंग लागतो.

"मग रंगाचं वजन कापून मिळेल," असं म्हणून त्यानं माझ्या मोडक्या शटरचा भाव किलोमागे दोन रुपये पाडून सांगितला.

प्रोजेक्टचा शेवटचा भाग 'भारत-फ्रान्स संबंध'. कन्येला राफेल विमानावर भागवायचं होतं. मी म्हटलं, जरा मागे जाऊ. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्याच्या दरबारात आला. नाना फडणवीसांनी त्याची अशी सरबराई केली की इंग्रजांच्या वकिलाचं जेवण गोड लागेना. नानांना फ्रेंचांकडून काय हवं होतं त्याच्याइतकंच इंग्रजांना काय वाटेल हेही महत्त्वाचं होतं. आपल्याकडे दोन टेम्पोवाल्यांना एकाच वेळी बोलावून भाडं पाडतात, ती विद्या इतकी जुनी आहे.

मग द बॉइन. महादजी शिंद्यांच्या फौजेला कवायत शिकवणारा सेनापती. जन्म शाँबेरीचा. तो मुलूख तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता, कायमचा आला तो १८६० साली. हिंदुस्थानातून हा गृहस्थ अफाट संपत्ती घेऊन गावी परतला आणि त्यानं गावाला हातचं न राखता दान केलं. म्हणून गावानं १८३८ साली त्याच्या स्मरणार्थ चौकात कारंजं बांधलं. चार दिशांना तोंडं केलेले चार हत्ती, सोंडेतून पाणी. पण हत्ती पुढून अर्धेच. मागचे अर्धे खांबात गडप. गावकऱ्यांनी त्याला नाव ठेवलं, त्याचा मराठीत सभ्य अर्थ असा की 'बूड नसलेले चौघे'.

कन्येनं त्याचा फोटो आजीला दाखवला. आईनं चष्मा पुसून बराच वेळ पाहिला. "मागचं अंग कुठे गेलं गं?"

"आजी, तेवढेच बांधलेत."

"मग बिल्डर आपल्याकडचाच असणार. निम्मं बांधून पैसे घेऊन गेला."

अशी वही पूर्ण झाली आणि त्याच सुमारास गाळा बघायला फ्रान्सहून खरेदीदार साहेब येणार असल्याचं कळलं. आता आमची तयारी साधीसुधी नव्हती. ऑपरेटरपासून वॉचमन काकांपर्यंत सगळ्यांना बोंजूर पाठ करवलं. दाण्याच्या गोण्या हलवून जेवणाची वेगळी जागा केली, म्हणजे कलमाचा भंग नको. पॅकिंगच्या टेबलावर चादर टाकली. सौ.नं पुरणपोळीचा घाट घातला. साहेब फाट्यापासून वालीवला पोचेपर्यंत तासभर खड्ड्यांतून हलत आले, आणि उतरल्यावर त्यांनी उशिराबद्दल माफी मागितली. इथल्या रस्त्याबद्दल एखाद्यानं स्वतः माफी मागावी, हे वालीवात पहिल्यांदाच घडत होतं.

मी पुढे झालो. पॅरिसचा माणूस, म्हणजे दोन. डोळे मिटून उजवा गाल पुढे केला. साहेबही घरून अभ्यास करून आले होते. त्यांनी त्याच क्षणी छातीशी दोन्ही हात जोडून "नमस्ते" केलं. त्यांच्या जोडलेल्या बोटांची टोकं थेट माझ्या नाकपुडीत गेली. मागून सगळा गाळा एका सुरात ओरडला, "बोंजूर!"

दुभाषी म्हणून कन्येला उभं केलं होतं. साहेबांनी तिला फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं. ती लाल झाली, इकडे-तिकडे बघितलं, आणि अकरावीपासून जे तिला कधी दगा देत नव्हतं ते वाक्य तिनं स्पष्ट उच्चारात टाकलं: मला सफरचंद आवडतं. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं, की या शेडमध्ये आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे.

जेवण मात्र फक्कड झालं. साहेब पुरणपोळीवर दोन तास बसले, प्रत्येक घास उजेडात धरून पाहिला, तूप कुठलं, गूळ कुठला, डाळ किती शिजवली, सगळं विचारलं. जेवताना कामाचं एक अक्षर काढू दिलं नाही. मी रिजेक्शनच्या टक्क्यांचा कागद काढला तर त्यांनी तो हळूच बशीखाली सरकवला. सौ. नंतर म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत का डाळ किती शिजवली?" फ्रेंच संस्कृतीचा एवढा एक भाग प्रोजेक्टमध्ये नव्हता, तो माझ्या नावावर कायमचा जमा झाला.

ऑर्डर आली. कन्येला बारावीत फ्रेंचला शहाण्णव मार्कही मिळाले. फ्रेंचमध्ये शहाण्णव म्हणजे चार वेळा वीस आणि वर सोळा. आम्हा सगळ्यांना हा हिशेब द्राविडी प्राणायाम वाटला, पण आईनं लगेच उलगडा केला, "चार कोड्या आणि सोळा. बाजारात सुके बोंबील आम्ही असेच मोजायचो." घरात फ्रेंच आकडे पहिल्या झटक्यात समजलेली ती एकटीच.

माल गेला तो जुलैच्या अखेरीस. बिलाचा मेल टाकला आणि मिनिटाभरात उत्तर आलं. मी हरखलो. उत्तरात लिहिलं होतं, की मी १ सप्टेंबरपर्यंत रजेवर आहे, तातडीचं असल्यास अमक्या बाईंना कळवावं. बाईंना कळवलं. त्या रजेवर होत्या, तातडीचं असल्यास तमक्या साहेबांना कळवावं. तमके साहेबही रजेवर, आणि तातडीचं असल्यास पहिल्यांना कळवावं. ऑगस्टात फ्रेंच माणसं पोतंभर सामान घेऊन समुद्रावर जातात, दुकानांच्या शटरवर सुट्टीच्या चिठ्ठ्या लागतात आणि ऑफिसांत फोन वाजत राहतात, हे कन्येच्या वहीत तिसऱ्या पानावर होतं. ते दाण्याच्या सप्लायरला पटवणं माझ्याकडे आलं.

"शेठ, पेमेंट?"

"फ्रान्स बंद आहे."

"म्हणजे कंपनी?"

"नाही हो, देश."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग दबक्या आवाजात, "कर्फ्यू लागलाय काय?"

१ सप्टेंबरला सकाळी साहेबांचा मेल आला. उन्हानं ताजेतवाने झाले होते, पैसे त्याच आठवड्यात सोडतो म्हणाले, आणि आणखी माल ताबडतोब हवा होता. तोवर निम्मा गाळा गणपतीसाठी गावी निघून गेला होता, आणि उरलेला निम्मा वर्गणी काढत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावलं: घरी बाप्पा आले आहेत, विसर्जनानंतर बोलू. साहेबांचं लगेच उत्तर आलं. त्यांनी रागावण्याऐवजी विचारलं होतं, की या दिवसांत जेवायला काय असतं.

तेव्हा वालीव, सातिवली, गोखिवऱ्यात कुणी फ्रान्सला माल पाठवणार असेल, तर त्यानं बिल १४ जुलैच्या, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिवसाच्या, आत पोचतं करावं आणि सोबत आपल्या गणपती-दिवाळीच्या तारखा लाल अक्षरांत कळवाव्यात. ते लोक समजून घेतात. दाणेवाल्याची व्यवस्था मात्र जूनमध्येच लावून ठेवा, त्याला फ्रेंच कायदा लागू नाही.